न गुणगुणणारा डबा

मिल बंद झाल्यावर सात महिन्यांनी बाबांना पहिलं काम मिळालं. मल्हारगंजचा एक ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "सिंथेसायझर बना दो भिया. जम गया तो मेरी सारी मशीनें तुम्हीं देखना." छत्रीबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत बाबांनी पसारा मांडला. दृष्ट लागेल म्हणून आई शेजारीपाजारी काही बोलली नाही.

सर्किटं एका इंग्रजी मासिकातली होती. वाचून दाखवायचं काम माझं, घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. पूर्वी एकदा मी पाहुण्यांसमोर बाबांचा एक इंग्रजी शब्द सुधारला होता. ते दिवसभर बोलले नव्हते. तेव्हापासून विचारतील तेवढंच मी वाचत असे.

वेगवेगळे डबे वायरींनी एकमेकांना जोडायचे होते. एक डबा सूर काढायचा. दुसरा संथ ऑसिलेटर, सेकंदाला पाच-सहा हेलकावे देणारा. तो स्वतः ऐकू येत नाही. त्याची वायर पहिल्या डब्याला जोडली की सूर गळ्यातून आल्यासारखा थरथरतो. हे शेवटच्या परिच्छेदात होतं. बाबांनी मला तिथवर वाचू दिलं नव्हतं. "बस, समझ गया. बावीस वर्षं मोटरी दुरुस्त केल्यात मी."

रविवारी ऑर्केस्ट्रावाला यायच्या दोन तास आधी बाबांनी एकेक डबा स्पीकरला लावून पाहिला. मिलमध्ये मोटरही ते कानानंच तपासायचे. गुणगुणली नाही तर गेली. संथ डबा गुणगुणला नाही.

"मेला हा," म्हणत त्यांनी तो उघडला.

नुसता मीटर लावला असता तरी काटा डोलताना दिसला असता. मासिक माझ्या मांडीवर होतं.

"बाबा..."

"काय?"

"चहा ठेवू?"

"ठेव. आणि सरक, उजेड अडतोय."

मी चहा घेऊन आले तोवर त्या डब्यातली चिप जळल्याचा वास सुटला होता. दुसरी चिप घरात नव्हती, आणि बाजार बंद.

ऑर्केस्ट्रावाला खाटेवर बसला. बाबांनी पट्टी दाबली. सूर सरळसोट निघाला.

"अरे भिया, ये तो मिल का भोंगा बना दिया!"

बाबाही हसले. मग त्यांनी सूर वरखाली करायची खुंटी चिमटीत धरली आणि बोटांनीच भराभर मागेपुढे हलवली. सूर थरथरला. खरंच छान थरथरला.

"वाह! पर पूरे गाने में उँगली कौन हिलाएगा? तुम बैठोगे स्टेज पे?"

"बैठूँगा," बाबा म्हणाले.

त्याला ती गंमत वाटली. चहा संपवून, "देखते हैं," म्हणत तो गेला. त्यानं चपला घातल्या तरी बाबांची बोटं खुंटीवरच होती.

मग ते म्हणाले, "ते पुन्हा वाच बेटा. या वेळी शेवटपर्यंत. कुठे चुकलो ते कळू दे."

मी मासिक उघडलं आणि सावकाश, एकेक ओळ मराठीत सांगत वाचलं. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा तो न वाचताच मासिक मिटलं आणि म्हटलं, "संपलं."