मागच्या बाकावरच्या मॅडम

गेल्या महिन्यात सकाळी प्रयोगशाळेत पोहोचले आणि फोन वाजला. पलीकडे अनंतराव काका, वसुधा मॅडमचे यजमान. "अगं, तुझ्या मॅडम गेल्या... झोपेतच," एवढंच म्हणाले. मॅडम विद्यापीठात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. आज मी जे काही करते, ते त्यांच्यामुळे.

तेव्हा हैदराबादेत गल्लोगल्ली कंप्यूटरचे क्लास निघाले होते. क्लासमधून थेट अमेरिका! त्याच सुमारास मॅडमनी भांडून आमच्याकडे बायोइन्फर्मेटिक्स सुरू करवलं, म्हणजे जीवशास्त्रातले प्रश्न कंप्यूटरच्या मदतीनं सोडवायचे. पण त्यांना स्वतःलाच कंप्यूटर येत नव्हता. मग पन्नाशीच्या मॅडम सकाळी आम्हाला शिकवायच्या आणि दुपारी आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून प्रोग्रॅमिंग शिकायच्या. शिकवणारा तेलुगू तरुण त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी त्याला 'सर' म्हणायच्या. पहिल्या चाचणीत त्या नापास झाल्या. तपासलेला पेपर परत देताना तो बिचारा लाजला, तर मॅडमच म्हणाल्या, "सर, माझं कुठं चुकलं ते फळ्यावर दाखवा. ह्या पोरींनाही कळेल." त्या दिवसापासून आमची चुकण्याची भीतीच गेली.

पदवी मिळाली, नोकरी मात्र मिळेना. कंप्यूटरवाले म्हणायचे, तुम्ही बायोलॉजीच्या. औषध कंपन्या म्हणायच्या, तुम्ही कंप्यूटरच्या. शेवटी आबिड्सच्या एका ऑफिसात मी अमेरिकन डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली टिपणं ऐकून टाइप करू लागले. घरी स्थळं बघणं सुरू झालं. हे कानावर गेलं तशा मॅडम आमच्या बेगम बाजारातल्या दुकानात हजर! बाबा मिरचीचे ठोक व्यापारी. त्यांनी गादीवरून उठून खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "मॅडम, ह्या शिक्षणाचं पुढं काय होतंय?"

मला वाटलं, आता मॅडम मोठमोठ्या पगारांच्या गोष्टी सांगणार. मिरचीच्या ठसक्यातून सावरत मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. रस्ता आत्ताच तयार होतोय. पण हिला ह्यातलं कळतं, आवडतं. एक वर्ष द्या."

त्या गेल्यावर बाबा पुन्हा गादीवर टेकले. मग म्हणाले, "हौ, बाई खोटं नाही बोलली. थांबू आपण."

वर्ष संपायच्या आत, आनुवंशिक आजारांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन्ही विषय येणारं माणूस हवं होतं, त्यांनी मला घेतलं. मी आजही तिथंच आहे. बाळाचा विचार करणारी, घाबरलेली जोडपी येतात. त्यांच्या तपासण्यांमधून धोका आहे की नाही, ते मी शोधते.

तेराव्यानंतर काकांना भेटायला गेले. मॅडमच्या खोलीत बसलो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, अबोल. कंप्यूटरवरची धूळ पुसत म्हणाले, "इतकी वर्षं ती ह्याच्यापुढं बसायची. मी चहा आणून ठेवायचो. नेमकं काय करते, ते विचारायचं राहूनच गेलं... तू सांगशील?"

मी खुर्ची ओढली. पेशीपासून सुरुवात केली. मग डीएनएची चार अक्षरं, त्यांची लांबच लांब ओळ, एखादं अक्षर बदललं तर होणारा आजार... काका मधेच थांबवून विचारायचे, "म्हणजे कसं?" मी पुन्हा सांगायची. दिवेलागण झाली तरी निम्मंच सांगून झालं होतं.

निघाले तसे काका दारापर्यंत आले. "उद्या ये," म्हणाले. "ते अक्षरांचं मला अजून नीट कळलं नाही."