मोंजियाचं एकतीस डिसेंबरचं तिकीट

स्फाक्स शहरातल्या ग्रेम्दा रस्त्यावर राहणाऱ्या मोंजियाचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. मासळीबाजारात ती प्रत्येक माशाचा कल्ला उचलून पाही. विकणाऱ्यानं आपणहून "ताजा आहे" म्हटलं की ती पुढच्या फळीकडे वळे. न विचारता सांगतोय म्हणजे काहीतरी आहे, असं तिचं म्हणणं. खमैसचं स्थळ आलं तेव्हा मुलगा फॉस्फेट वाहणाऱ्या रेल्वेत नोकरीला आहे असं सांगितलं गेलं होतं. तिनं धाकट्या भावाला गाडीत बसवून त्याच्या स्टेशनापर्यंत धाडलं. भावानं खमैसला गाडीला झेंडा दाखवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मग तिनं होकार दिला. खमैसला ही गोष्ट लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळली. आता तो निवृत्त झाला होता. तरी कॉफीहाउसातून यायला उशीर झाला की ती त्याच्या बुटांचे तळ पाही आणि तो कुठून आला ते ठरवी.

अशा बाईच्या हातात त्या डिसेंबरात विमानाचं तिकीट पडलं.

तिची एकुलती एक लेक एमना फ्रान्समध्ये लिऑनला राहत होती. पहिलटकरीण. डॉक्टरांनी जानेवारीचा पहिला आठवडा सांगितला होता. पहिल्या बाळंतपणाला आईनं जवळ असायचं, मध, तीळ आणि सुकामेवा कुटून केलेल्या ज्रीरचा पहिला चमचा आईनंच लेकीला भरवायचा, यात चर्चेला जागा नव्हती. मोंजियानं तीळ आणून निवडूनही ठेवले होते. दुकानदार खडे मिसळतो अशी तिची खात्री होती, खडा एकही निघाला नाही तरी. तिकीट जावयानं, नौफेलनं, काढून पाठवलं. तारीख होती एकतीस डिसेंबर.

तिकीट एवढं स्वस्त कसं, हा तिचा पहिला प्रश्न. शेजारच्या दलेंदानं त्याचं उत्तर दिलं. ती रमजानच्या शोरब्याचं भांडं परत द्यायला आली होती आणि टीव्हीवर जे पाहिलं ते तिला पोटात ठेवता येत नव्हतं. कॉम्प्युटरला म्हणे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. नव्व्याण्णव संपलं की तो शून्य-शून्य वाचणार आणि समजणार की एकोणीसशे साल उजाडलं. बँका बंद पडतील, दिवे जातील. विमानं तर कॉम्प्युटरच चालवतो.

"एकोणीसशे साली विमानं होती का, लल्ला मोंजिया?" बाईमाणसाला लावायचा आदराचा 'लल्ला' जोडून दलेंदानं विचारलं.

"नव्हती."

"मग मशीन काय म्हणेल? आपण आकाशात नाहीच, असंच म्हणेल ना?"

मोंजियाला ते लगेच पटलं होतं, आणि एखादी गोष्ट लगेच पटली याचाच तिला संशय आला. पण तिकीट का स्वस्त आहे ते मात्र कळलं. शहाणी माणसं त्या दिवशी घरी बसणार होती.

रोजा सुटल्यावर तिनं लिऑनला फोन लावला. नौफेल एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करी, म्हणजे घरचाच माणूस. तो हसला. सासूला तो उम्मी, म्हणजे आईच, म्हणे. काहीही होणार नाही, उम्मी, म्हणाला. आम्ही दोन वर्षं हेच तर दुरुस्त करतोय.

"दोन वर्षं?"

"हो."

"काही होणारच नव्हतं तर दोन वर्षं काय दुरुस्त केलंत?"

त्यानं बरंच समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर खमैसला म्हणाली, पोरगा खूप बोलला. खमैस दातकोरणीनं दात कोरत होता. त्यानं विचारलं, "माझ्याकडे भावाला धाडलं होतंस. विमानाकडे कुणाला धाडतेस?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तिकिटाच्या कचेरीत गेली. तिथला तरुण उपाशीपोटी पेंगत होता. तिनं सरळ विचारलं. तो म्हणाला, विमान संध्याकाळीच उतरतं. बारा वाजतील तेव्हा तुम्ही लेकीच्या घरी मुलं-नातवंडांच्या गप्पा मारत असाल.

"आणि विमानाला उशीर झाला तर?"

विमानाला उशीर होतो हे त्यालाही माहीत होतं.

"तू बसशील का त्या दिवशी?"

"मला सुट्टी नाही, लल्ला," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

तेवढं तिला पुरे होतं. तिनं तारीख बदलून जानेवारीतल्या ईदनंतरची घेतली. ईदच्या सकाळी खारवलेला मासा आणि त्यावरचा कांदा-मनुकांचा शरमूला घरच्यांना खायला घालायचा आणि मग निघायचं. तोवर जग टिकलं असेल तर विमानही टिकलं असेल. घरी येऊन तिनं खमैसला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"बाळ आधी आलं तर?" एवढंच तो म्हणाला.

"पहिलं मूल वेळेवर येत नाही. एमना स्वतः दहा दिवस उशिरा आली होती."

"ती तुझ्यावर गेली होती. आत बसून बाहेरची खात्री करून घेत होती."

मोंजियाला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी एमनाचा फोन आला तेव्हा तारीख बदलल्याचं तिनं सांगून टाकलं. लेक रडेल, भांडेल, अशी तिची अपेक्षा होती. एमना म्हणाली, "बरं केलंस, उम्मी. उगाच धोका कशाला?"

लगेच म्हणाली. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

रोज्याआधीच्या सहरीच्या जेवणासाठी उठल्यावर, पहाटे, शिळ्या पावावर ऑलिव्हचं तेल ओतताना मोंजियाला तेच आठवत राहिलं. लहानपणी गुडघा फुटला की एमना असंच पटकन "काही नाही" म्हणे आणि फ्रॉक खाली ओढे.

दुपारी ती कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेली. मुठीत नाणी होती. इकडचं तिकडचं विचारलं, पाय सुजतात का, लिफ्ट चालू आहे का. मग सहज विचारावं तसं विचारलं, "एकतीस तारखेला काय रांधणार?"

"मी एकटीसाठी काय रांधू, उम्मी, काहीतरी..."

एमना थांबली. मोंजियानं आणखी एक नाणं टाकलं.

मग सगळं बाहेर आलं. एकतीस तारखेच्या रात्रीपासून नौफेलला कचेरीत बसावं लागणार होतं, एक तारखेची दुपार होईपर्यंत. त्याच्या सगळ्याच खात्याला. रजा कुणालाच नव्हती. शेजारची बाई गावी जाणार होती. फोन चालतील की नाही ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून नौफेलनं एकतीस तारखेचं तिकीट काढलं होतं. तिकीट स्वस्त होतं ते होतंच, पण कारण ते नव्हतं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घाबरत घाबरत आली असतीस."

मोंजियानं रिसीव्हर ठेवला. दुकानातून ती घरी गेली नाही, सरळ तिकिटाच्या कचेरीत गेली. तोच तरुण होता. तिला बघून तो सावरून बसला.

"पुन्हा एकतीस कर," ती म्हणाली.

"लल्ला, काल तुम्हीच..."

"कालची गोष्ट वेगळी होती."

त्यानं विचारलं, म्हणजे आता भीती वाटत नाही ना? ती म्हणाली, कालच्याइतकीच वाटते. तू लिही.

एकतीस तारखेला खमैस तिला रेल्वेनं ट्युनिसला घेऊन गेला. निघताना दलेंदानं दारात तिच्यामागे पाणी शिंपलं, माणूस परत यावा म्हणून. नेहमीपेक्षा जरा जास्तच शिंपलं. तिच्या पिशवीत ज्रीरची बरणी होती, फडक्यात गुंडाळलेला खारवलेला मासा होता. विमानतळावर पिशवी खमैसनं शेवटपर्यंत स्वतःच धरली.

"उतरल्यावर फोन कर," तो म्हणाला. मग म्हणाला, "लागला तर."

विमान निम्मं रिकामं होतं. ते अर्धा तासच उशिरा सुटलं. समुद्रावर आल्यावर कॅप्टननं सांगितलं की रोजा सोडायची वेळ झाली आहे. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले. मोंजियानं खिडकीतून पाहिलं. ढगांच्या कडेला सूर्य अजून होता, लाल, अख्खा.

"घ्या की," शेजारचा माणूस म्हणाला. "कॅप्टननं सांगितलंय."

"कॅप्टनला कुणी सांगितलं?"

त्या माणसानं खांदे उडवले. ती खजूर हातात धरून बसली. सूर्य शेवटच्या कडेपर्यंत बुडाला, तेव्हाच तिनं तो तोंडात घातला. तोवर इतरांचं पाणी, सूप, सिगारेट, सगळं झालं होतं.

लिऑनला उतरली तेव्हा नौफेल उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. गाडीत तो रस्त्याबद्दल आणि थंडीबद्दल बोलला. घरी एमना दारातच गळ्यात पडली. मोंजियानं तिच्या पोटावर हात ठेवला, मग पायांवर. सूज होती, पण फार नाही.

नौफेलला लगेच निघायचं होतं. हात धुवायला मोंजिया न्हाणीघरात गेली आणि थांबली. टब काठोकाठ भरलेला होता. शेजारी पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. बेसिनखाली मेणबत्त्या होत्या, काड्यापेट्या होत्या, रव्याचं अख्खं पोतं होतं. मागे नौफेल येऊन उभा राहिला होता.

"फोनवर म्हणालास, काही होणार नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही होणार बहुतेक." त्यानं दार लोटून घेतलं. "पण मी जे दुरुस्त केलं तेवढंच मला माहीत आहे, उम्मी. बाकीच्यांनी काय केलं ते मला कुठे माहीत?"

"मला हे सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता. आणि तिला एकटीला ठेवून मला जाता आलं नसतं."

मोंजियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या मुलाचं बोलणं तिला नेहमी फार गुळगुळीत वाटे. आज प्रथमच त्याचा चेहरा ओळखीचा वाटला.

"तिला काय सांगितलंयस?"

"नळ दुरुस्त करणार आहेत, पाणी जाईल."

तिनं मान हलवली. तो कोट घालून गेला. जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं कपाटं उघडली, कुसकुसचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि नळाखाली धरलं.

"उम्मी, काय करतेस?" आतून एमनानं विचारलं. "आल्या आल्या?"

"अगं, नळ दुरुस्त करणार आहेत ना," मोंजिया म्हणाली. "तू झोप."