आईनं सोडलेला भात

वजन उतरावं म्हणून मी भात सोडला, तर माझ्या सोबतीला आईनंही सोडला. सगळा जन्म धानाच्या बांधीवर गेलेली बाई. कोरडी भाकर तिच्या घशाखाली उतरत नाही. आणि मी? काल कामासाठी गोंदियाला गेले न् स्टेशनसमोर उभ्या उभ्या आलूबोंडे हाणले. लाज वाटत होती, तरी मेला हात थांबेना. परतताना आमच्या गोरेगावच्या बसमध्ये ओढणीनं तोंड पुसपुसून घेतलं.

घरी आई जेवायची थांबलेली. मी दारातूनच म्हटलं, "भूक नाही."

तिनं भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला. "काऊन इतकं मन मारून राहिली, बाई?"

मी ओढणी तोंडाशी धरली. तोंड उघडलं असतं, तर तळणाचा वास आला असता.