मी काढून टाकलेला लाल ठिपका

अहो, काय झालं ते ऐका.

आज इथे झाशीत, सिव्हिल लाइन्सला, संगणकावर कामाची नक्कल चालवून बघणाऱ्या आम्हा सिम्युलेशनवाल्यांच्या ग्रुपची बैठक होती. पडद्यावर एका कारखान्याचं मॉडेल चालू होतं. प्रत्येक कामगार म्हणजे एक ठिपका, आणि रिकामा बसला की तो लाल.

हे मॉडेल घेऊन आलेले तिवारीजी म्हणाले, "मैडम, इस लाल वाले को हटाके देखिए."

मी काढून टाकला. उत्पादन तेवढंच राहिलं. टाळ्या पडल्या, मीही हसले.

"अपनी झाँसी का ही कारखाना है," ते म्हणाले, "अगले महीने से यही लागू, एक आदमी कम."

मी पुन्हा पाहिलं. तो ठिपका होता ती जागा म्हणजे दाराजवळचं तपासणीचं टेबल! विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत सोडतात, तेव्हा तिथेच आमचा जोडीनं फोटो काढला होता. ते टेबल आमच्या ह्यांचं आहे.

हे आत्ताच चहा घेऊन आले. विचारतायत, "काय गं, टाळ्या मिळाल्या का?"

सांगा, काय उत्तर देऊ?