आत्याबाईंनी पाहिलेली दिवाडी

फेरीबोटीचा लोखंडी फाळका धक्क्यावर धाडकन पडला, तशा आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. समोर मांडवी नदी काठोकाठ भरली होती आणि पलीकडे नारळींच्या रांगेखाली दिवाडी बेट दिसत होतं.

"एवढं लोखंड पाण्यावर तरतं कसं गं?" त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात माझा धाकटा दीर गोरख इंजिनखोलीतून वर आला, तेलकट हात फडक्याला पुसत. "माय, हे इंजिन माझ्याच हाताखाली हाय. भिऊ नको, ये."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही करमाडचे. घरी मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे, आणि मी गावच्या शाळेत शिकवते. गोरख औरंगाबादला डिझेल मेकॅनिकचं शिकला आणि कामाच्या शोधात थेट गोव्यात जाऊन फेरीबोटीवर लागला. तिथे रोज फेरीने पणजीला दुकानात कामाला जाणारी सुलभा त्याला भेटली. दोघांना लग्न करायचं होतं. आत्याबाईंचा राग मुलीवर नव्हता. गोरखने पत्रात लिहिलं होतं की लग्नानंतरही तो तिथेच राहील, तेवढं मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. "हो म्हणायचं का नाय, ते म्या बघून सांगीन," असं म्हणून त्या निघाल्या. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला मी. पोळ्यांऐवजी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. कोल्हापूरच्या पुढे घाट उतरेपर्यंत त्या बसच्या खिडकीबाहेर बघत होत्या.

बोट हलली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आजूबाजूला सायकलवाले, कोळिणी, शाळेची मुलं निवांत उभी होती. जरा स्थिरस्थावर झालो, तोवर पलीकडचा काठ आलासुद्धा.

"एवढंच व्हय?" आत्याबाई म्हणाल्या, आणि मनगट सोडलं.

धक्क्यावर सुलभाचे वडील पुंडलिकबाब घ्यायला आले होते. पांढरा सदरा, पायात चपला, खांद्यावर पंचा. काठापासून वस्तीपर्यंत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट हिरवी भातशेती आणि त्यात पांढरे बगळे. घर लाल कौलांचं होतं. दारात सुलभा आणि तिची आई कालिंदीबाई उभ्या होत्या. "येयात, बसात (या, बसा)," कालिंदीबाई म्हणाल्या. आमच्याशी त्या मराठीच बोलत, पण मध्येच कोंकणीत शिरत.

पहिलं जेवण जरा अवघड गेलं. जाड उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी) आणि गुलाबी सोलकढी. आम्ही मटण खाणारी माणसं, पण माशाचा वास आत्याबाईंना सोसेना. त्यांनी सोलकढी तेवढी दोनदा मागून घेतली आणि नंतर हळूच पिशवीतून भाकरी काढली. मला लाजल्यासारखं झालं. कालिंदीबाईंनी मात्र त्या भाकरीचा तुकडा मागून घेतला, ठेच्याला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा हात पुढे केला. आत्याबाई त्या घरात पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा.

सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर (पाववाला) आला. गरम पाव आणि चहा घेऊन झाल्यावर पुंडलिकबाब म्हणाले, "आमच्याकडे बघण्यासारखं काही मोठं नाही. पण आम्हाला स्वतःला सुटीच्या दिवशी जिथे जावंसं वाटतं, तिथे तुम्हाला नेतो."

पहिली त्यांची टेकडी. बेटाच्या मधोमध असलेल्या त्या टेकडीवर चर्च आहे आणि आवाराच्या कठड्यावर बसलं की चहूकडचं पाणी दिसतं. पलीकडे जुन्या गोव्याची पांढरी चर्चं, खाली शेतं, मधून वळत गेलेली नदी. दर रविवारी पुंडलिकबाब इथे येऊन बसतात. सोबतीला त्यांचे ख्रिस्ती शेजारीही असतात.

"मंग समुद्र कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो तिकडे खाली, नदीच्या मुखाशी. पण दिवसातून दोनदा तोच आमच्याकडे येतो. भरतीला हे पाणी फुगतं, ओहोटीला परत जातं."

आत्याबाई बराच वेळ त्या कठड्यावर बसून राहिल्या. त्यांनी उन्हाळ्यात गंगापूरच्या बाजूला गोदाकाठी मेंढरं नेलेली आहेत. नदी एकाच दिशेने वाहते एवढंच त्यांना ठाऊक होतं. माघारी फिरणारं पाणी त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला.

उतरताना आम्ही शेताच्या बांधावर गेलो. ही खाजनं, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेतं. बांधात एके ठिकाणी लाकडी दारं होती. त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच रेट्याने दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. बांध फुटला तर खारं पाणी शिरून शेत काही वर्षं वाया जातं, असं पुंडलिकबाब सांगत होते. पावसाळ्यात गावातली माणसं आळीपाळीने बांधावर फिरतात, गोरखही गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासोबत फिरला.

"त्यानं मला नाय सांगितलं हे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि थोडं आणखीही काही होतं.

दुसऱ्या दिवशी सुलभाने सुटी घेतली. तिच्या आवडीची गोष्ट म्हणजे ओहोटीला तिसऱ्या वेचायला जाणं. तिसऱ्या म्हणजे खाण्याचे शिंपले, चिखलात हातांनी चाचपून काढायचे. पुंडलिकबाब होडी वल्हवत होते. आम्ही खारफुटीच्या गारव्यातून गेलो. डोक्यावरून निळाशार खंड्या सूर मारून गेला. पाणी उतरलं होतं आणि मधोमध मऊ मातीचा उंचवटा उघडा पडला होता. आत्याबाई होडीतच बसतील अशी माझी अटकळ होती, पण त्यांनी लुगडं खोचलं आणि सुलभामागे उतरल्या. मला मात्र चिखलाची किळस आली, म्हणून मी होडीतच राहिले. पुंडलिकबाबांनी जाळं टाकायला होडी जरा लांब नेली.

दोघी वाकून वेचत होत्या. टोपली भरत आली. आत्याबाई हळूहळू कडेला सरकल्या आणि एकदम थांबल्या. लांबूनही दिसलं की त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले आहेत. एक पाय ओढला की दुसरा आणखी खोल जाई. तेवढ्यात भरती लागली. पाण्याची बारीक घडी उंचवट्यावर सरकत आली.

"आत्याबाई!" मी ओरडले. पुंडलिकबाबांनी जाळं पाण्यातच सोडून दिलं आणि वल्हं मारायला घेतलं, पण पाणी उथळ होतं, होडी तळाला घासू लागली.

सुलभा धावली नाही. तिने टोपली उपडी घातली, तिच्यावर छातीचा भार देऊन पालथी झाली आणि सरपटत आत्याबाईंपर्यंत गेली. "मावशी, ओढू नका. खाली बसा, अगदी मागे टेका."

"चिखलात बसू?"

"बसा. मी आहे."

आत्याबाई मागे टेकल्या. सुलभाने दोन्ही हात चिखलात खुपसून त्यांच्या एका पावलाभोवतीची माती मोकळी केली, टाच धरून हळूहळू हलवली. पाणी आता त्यांच्या कमरेशी आलं होतं. आधी एक पाय सुटला, मग दुसरा. दोघी रांगत रांगत कठीण जागेवर आल्या, तोवर होडीही पोचली. मी हात देऊन आत्याबाईंना वर घेतलं. नखशिखांत चिखल, फक्त डोळे दिसत होते. सुलभाही तशीच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी सुलभा हसली, मग आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसकाच लागला. भरलेली टोपली गेली, जाळंही गेलं.

विहिरीवर अंघोळी झाल्या. कालिंदीबाई आत तांदळाच्या भाकरी थापत होत्या. आत्याबाई पायरीवर ऊन खात बसल्या आणि त्यांनी सुलभाला जवळ बोलावलं.

"पोरी, खरं सांग. लग्न झाल्यावर करमाडला राहशील का?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "नाही, मावशी. येत जाईन, चार दिवस राहीन. पण कायमची राहायला आले तर कुढत बसेन. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

मला वाटलं, सगळं बिनसलं. आत्याबाई उठून आत गेल्या आणि कालिंदीबाईंच्या शेजारी बसून पीठ मळू लागल्या.

संध्याकाळी वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) लहान देवळात आरती होती. गोरख पाळी संपवून थेट तिथेच आला. चारपाच माणसं घुमट घेऊन बसली. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं लावलेलं. त्याचा ठेका आधी सावकाश होता, मग चढत गेला. देवळाचा चौक भरून गेला. गोरखच्या हातात झांज होती. गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढच्या ओळीत ओढलं. गोरखला सगळे शब्द पाठ होते. आत्याबाई खांबाला टेकून मुलाकडेच बघत होत्या. देवाकडे त्यांनी नंतर पाहिलं.

आरती संपल्यावर त्या पुंडलिकबाबांना म्हणाल्या, "भाऊ, लगीन आमच्या दारात होईल. वऱ्हाड घेऊन तेवढं या."

"आणि नंतर?" त्यांनी जपून विचारलं.

"नंतर काय? त्याचं घर इथं हाय. म्या बघितलं की."

गोरख जवळच उभा होता. त्याने झांजेची दोरी बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग वाकून आईच्या पाया पडला.

परतीच्या वाटेवर आत्याबाई बसमध्ये लवकर झोपल्या. मी जागी होते. प्रवासाला गेल्यावर आपण ठिकाणं बघतो. त्या माणसांनी आम्हाला मोकळ्या वेळात स्वतः जिथे बसतात, चालतात, गातात त्या जागा दाखवल्या, आणि आत्याबाईंनी प्रत्येक जागी आपला मुलगा कसा दिसतो ते बघून घेतलं. त्या जे बघायला निघाल्या होत्या ते त्यांना मिळालं. त्याचं थोडं दुःखही त्या सोबत आणत होत्या, हे झोपेतही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

करमाडला पोचल्यावर शेजारच्या बाया जमल्या. धाकटा लेक एवढ्या लांब राहणार, म्हणून त्यांना आत्याबाईंची कीव येत होती. एकजण म्हणाली, "चहूकडून पाणी म्हणे. कसं राहावं बाई माणसानं?"

आत्याबाई मेंढरांना पाला टाकत होत्या. "कामून नाय राहावं?" त्या म्हणाल्या. "पाणी येतं, पुन्हा जातं. आमच्या दिवाडीला समदं तसंच असतं."