पंखा बंद, गाणं सुरू

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत एका जागरणाच्या गाण्याची फाईल काढत होतो. बटण दाबलं आणि फोन वाजला. माधवनगरहून त्याचा चुलतभाऊ बोलत होता. "दीपकराव, मिलिंद गेला... सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात न्हेईपतूर..." मी नुसता हं हं करत होतो आणि समोर पडद्यावरची निळी पट्टी भरत चालली होती. फोन ठेवायच्या आत अख्खं गाणं तयार झालं. मिल्या असता तर म्हणाला असता, "झालं एवढ्यात? ऐकलंस तरी का रं?" हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या क्षणीही रडू यायच्या आधी मला त्याचा रागच आला.

माधवनगरला पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बँजो पार्टीवाले, भीमगीतं गाणारे, शिराळ्याकडचं एक भजनी मंडळ, कुठून कुठून आलेले लोक. त्यातले बरेचसे एकदा माझ्याकडं रेकॉर्डिंगला येऊन गेलेले आणि परत कधी न आलेले. बुद्धवंदना सुरू झाली, मी हात जोडून उभा राहिलो, आणि मनात येत होतं की माझ्या वेळी एवढी माणसं येतील का. जवळच्या मित्राच्या अंत्ययात्रेत हे वाटू नये म्हणतात. पण मिल्यावर जळणं ही माझी फार जुनी सवय, ती एका दिवसात कशी सुटणार?

आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. म्हणजे तो वाजवायचा आणि मी शेजारी उभा राहून दुसरा कीबोर्ड वाजवायचो. लग्नं, गणपती, जयंत्या, आम्ही सगळीकडं सोबत. गाड्याही एकत्र ढकलल्या. पुढं तयार ट्रॅकवर गाणारे वाढले, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि आम्ही आपापल्या गावी स्टुडिओ थाटले. माझा एसीचा, काचेच्या दाराचा, भिंतींना चारी बाजूंनी फोम लावलेला. त्याचा घरामागच्या खोलीत. एक खिडकी, एक लाकडी बाक आणि डोक्यावर टक टक करणारा पंखा. उद्घाटनाला मी पेढे घेऊन गेलो होतो. खोली बघून, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं. इथं कोण येणार, असं वाटलं होतं. पण लोक तिथंच गेले.

का गेले ते सांगायचं तर थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. सॉफ्टवेअर सिंथ म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात राहणारं वाद्य. आपण पट्ट्या दाबतो तेव्हा कॉम्प्युटर फक्त कुठली पट्टी कधी दाबली एवढंच लक्षात ठेवतो, आवाज दर वेळी नव्यानं तयार करतो. तो आवाज कायमचा धरून ठेवायचे दोन रस्ते. एक, कॉम्प्युटरला सांगायचं की फाईल काढ, आणि तो क्षणात काढून देतो. दुसरा, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायचं आणि ते वाजत असतानाच शेजारच्या ट्रॅकवर रेकॉर्ड करत जायचं. गाणं जेवढं लांब, तेवढा वेळ बसून राहायचं. मिल्या या दुसऱ्या रस्त्याचा. सुरुवातीला त्याला इलाजच नव्हता, कारण त्याचा जुना कॉम्प्युटर दोन सिंथ एकदम वाजवायला लागला की अडखळायचा, म्हणून एकेक आवाज धरून ठेवावा लागे. पुढं त्यानं माझ्यापेक्षाही भारी कॉम्प्युटर घेतला, पण सवय तीच राहिली.

आणि त्याचा तो पंखा. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी तो पंखा बंद करायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून पोट दुखलं होतं. "अरे, माईक कुठाय? आवाज कॉम्प्युटरच्या आतल्या आत रेकॉर्ड होतोय. पंखाच काय, बाहेर बँड वाजला तरी त्यात येणार नाही." तो म्हणाला, "मला म्हाईत न्हाई व्हय? पर पंखा चालू असला की लोक बोलत्यात." आणि खरंच, पंखा थांबला की बाकावरची माणसं गप्प व्हायची. घामानं भिजायची, पण हलायची नाहीत. स्वतःचं गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत ऐकायची. माझ्याकडं लोक थंडगार हवेत बसायचे, मोबाईल बघायचे, फाईल घ्यायचे आणि जायचे. मिल्याकडून बाहेर पडणाऱ्याचा चेहरा वेगळाच असायचा. तो चेहरा मला कधी मिळाला नाही.

त्याचा एक आवाज होता, बासरी आणि शंख यांच्या मधला काहीतरी. दबून सुरू व्हायचा आणि उघडत जायचा. त्या आवाजानं माझी झोप उडवली होती. शेवटी लाज सोडून मागितला. मला वाटलं, टाळाटाळ करेल, तेवढाच त्याचा कोतेपणा दिसेल. त्यानं लगेच पेन ड्राईव्हवर घालून दिला, वर म्हणाला, "घे की. कीबोर्ड बी नेतोस?" साताऱ्यात येऊन लावला तर आवाज मेल्यासारखा. मला खात्रीच झाली की यानं काहीतरी मागं ठेवलंय. फोन केला तर हसत सुटला. "गड्या, त्यात काय न्हाई. कीबोर्डच्या डाव्या अंगाला चाक हाय न्हवं? गाणं चालू असताना त्येच्यावर हात ठिवून बस, आन् ऐकत ऐकत फिरव. तू बटण दाबून चहाला जातोस." चाकाची हालचालही कॉम्प्युटरला लक्षात ठेवायला सांगता येते, पण तो तसं कधीच करायचा नाही. "परत तसंच कशाला फिरवायचं?" म्हणायचा. मी बसून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला माझा दुसरा हात मोबाईलकडं गेला. म्हणजे त्यानं लपवलं काहीच नव्हतं, सगळं दिलं होतं, आणि तरी ते मला येत नव्हतं. कंजूष निघाला असता तर बरं झालं असतं...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सुजाता वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, आटपाडीच्या सुभेदारसाहेबांचं गाणं अर्धवट राह्यलंय. तेवढं पुरं करून द्या." सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या शिवारात पहिल्यांदा पाटाचं पाणी आलं, त्यावर त्यांनी स्वतः गाणं लिहिलं होतं, आणि गावच्या पाणीपूजनाला ते वाजवायचं होतं. गाऊन झालेलं, ढोलकी झालेली, फक्त तो बासरी-शंखाचा आवाज रेकॉर्ड व्हायचा होता. पट्ट्या मिल्यानं दाबून ठेवल्या होत्या, आवाज धरायचा राहिला होता. मला आनंद झाला. एकदा तरी त्याचं गाणं माझ्या हातून जाईल आणि लोक म्हणतील, दीपकही काही कमी नाही. फाईल साताऱ्याला आणली, बटण दाबलं, छान झिलई दिली, पाठवून दिली.

सुभेदारांचा फोन आला. "दीपकराव, गाणं झ्याक झालंय. पर मिलिंदनं वाजवून दावलं हुतं तसं न्हाई. पाणी येताना पाट कसा भरत येतो... तसं ते यायचं. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, हाय तसंच लावतो." त्या 'ऱ्हाऊ द्या'नं माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उद्या दुपारी माधवनगरला या. त्याच्याच खोलीत, त्याच्याच कीबोर्डवर बसून करून दाखवतो.

सुभेदार बाकावर ताठ बसले, वहिनी दारात. ऊन मी म्हणत होतं. मी चाकावर हात ठेवला, रेकॉर्डचं बटण दाबणार तेवढ्यात वहिनींनी पंखा बंद केला. म्हटलं, "वहिनी, राहू दे की चालू. माईक नाही." त्या म्हणाल्या, "असू द्या." पंखा टक टक करत थांबला आणि खोली अशी गप्प झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. माझ्यासाठी असं कुणी कधी गप्प बसलेलं नव्हतं. गाणं सुरू झालं. सुभेदारांचा आवाज साधा, थोडा फाटका. "कोरड्या रानाला" या शब्दांवर तो कापरा होतो हे साताऱ्यात मला कळलंच नव्हतं. तिथं माझा हात आपोआप थांबला. मग गाणं पाण्याच्या ओळीकडं येत गेलं तसं चाक हळूहळू वर नेत गेलो. मानेवरून घाम ओघळत होता, पुसला नाही. दुसरं कडवं केव्हा गेलं समजलं नाही. शेवटचा सूर सुटल्यावर मी माऊसकडं हात नेला, तर वहिनींनी बोट वर केलं, थांबा म्हणून. सूर पूर्ण विरला. मगच त्यांनी पंखा लावला. किती थांबायचं ते त्यांना पाठ होतं. माझ्या घरात मी काय करतो ते कुणी विचारतसुद्धा नाही. त्या घडीला मला मिल्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तो जिवंत असतानाही वाटला नव्हता.

सुभेदारांनी डोळे उघडले, ते भरलेले होते. "व्हय," ते म्हणाले, "ह्योच. ह्योच मिलिंदचा हात."

हात माझा होता. घामेजलेला, अजून चाकावरच होता. सांगायला मी तोंड उघडलं, पण दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या, हो, हो, त्यांचाच. मी चाकावरचा हात काढून घेतला. आयुष्यात एकदाच मला ते जमलं होतं, आणि तेही मिल्या घेऊन गेला.