शेपटीतून गळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि नवऱ्याची तिकडे बदली झाली. मी अहमदपूरजवळ सासूबाईंपाशी राहिले. दुष्काळात तळ्याचं डबकं झालं होतं. पहिल्या गरोदरपणात माझ्या पोटात काही टिकेना, फक्त मरळ मासा खावासा वाटे. सासूबाई गळ घेऊन निघाल्या. घरात जीव रमेना, म्हणून मीही गेले.

सासूबाई आमिषाच्या जिवंत झिंग्याच्या डोक्यातून गळ घालत आणि तो लगेच मरे. माझे हात शिवशिवत होते.

"आत्या, शेपटीतून घाला, वळवळत राहतो. माहेरी किनवटला आम्ही असंच लावायचो."

"मग तूच लाव की!"

मी लावला. सारखी उठत होते, बसत होते. एकदम दोरी ताणली. मरळ वर आली तशा सासूबाईच ओरडल्या, "लई मोठी हाय गं!"

त्या दिवशी जेवलेलं पोटात राहिलं.